गहाणातून सोडविलेली नगरी

भूमध्य समुद्राचे नाव काढले की रोम, अथेन्स, नेपल्स अशी मोठमोठी नगरे डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि तिकडे जाणारा प्रवासीही बहुधा त्याच मळलेल्या वाटेने जातो. त्या नगरांची वर्णने आजवर पुष्कळांनी लिहिली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा मानस नाही. ज्या गावाविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत ते इतके लहान आहे की, वेशीतून आत शिरून सावकाश पावले टाकीत गेले तरी दहा मिनिटांत मनुष्य पलीकडच्या तटावर पोचतो. वस्ती म्हणाल तर तीनशेच्या आत. परंतु या मूठभर गावाने एके काळी सबंध बेटाचा कारभार हाकला आहे. आणि राजाने गहाण टाकलेले ते बेट सोडविण्यासाठी एकदा पैसा उभा करण्याचा भारही वाहिला आहे. या गावाचे नाव इम्दीना.

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर माल्टाची बेटे आहेत. माल्टा, गोझो व कोमिनो मिळून या राष्ट्राचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. आपल्याकडील सामान्य तालुकासुद्धा याहून मोठा असतो. माझा पुतण्या तेथे नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या चैत्रात सौभाग्यवती, माझ्या वडील वहिनी आणि मी असे तिघे पंधरा दिवस त्याच्याकडे जाऊन राहिलो. निघण्यापूर्वी घरी एक विषय अर्धवट राहिला होता. आमच्या वाईच्या वाड्याचे काय करावयाचे, याची चर्चा वर्षभर चालली होती. विक्रीचे कागद तयार होते आणि परत आल्यावर सह्या करावयाच्या असे ठरले होते. प्रवासात त्याविषयी कोणी बोलावयाचे नाही, असा अलिखित करार आम्ही केला होता. तो इम्दीनाने मोडावयास लावला, म्हणून हा उल्लेख.

राजधानी व्हॅलेटा येथून इम्दीनास जावयास बस मिळते. वाटेतील प्रदेश पाहून मला वारंवार कोकणाची आठवण होत होती. झाडी तशी नाही, पाऊस तर नाहीच. परंतु शेताशेतांच्या मधून चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे आणि त्यांना बिलगून वाढलेले फड्या निवडुंग पाहून कोणाही कोकणस्थाचे मन क्षणभर घरी जाईल. वसंताचे दिवस असल्यामुळे शेते हिरवी होती. उन्हाळ्यात हाच मुलूख करपून पिवळा पडतो, असे पुतण्याने सांगितले. थोड्या वेळाने समोर एक टेकडी दिसू लागली, आणि तिच्या माथ्यावर तट, बुरूज आणि एक घुमट असे मधाच्या रंगाचे गाव. सगळे बेटच या पिवळसर चुनखडीच्या दगडाचे आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो. पुढे वाऱ्याने त्यावर कठीण कवच धरते. आमच्या काळ्या फत्तराच्या सवयीला हा दगड प्रथम खेळण्यातला वाटतो. पण तीन-तीनशे वर्षांच्या भिंती त्याच दगडाच्या उभ्या आहेत हे पाहिल्यावर त्याचा अधिक्षेप करवत नाही.

गावाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. फिनिशियन लोकांनी येथे वस्ती केली. रोमनांच्या काळी तिचे 'मेलिते' नावाचे चांगले विस्तृत नगर झाले. इ. स. ८७० साली अरबांनी बेट जिंकले. पुढे त्यांच्या अमलात नगर आकसून टेकडीच्या टोकापुरते राहिले आणि उरलेल्या भागापासून खंदकाने तोडले गेले. आतील भाग ती 'मदीना', म्हणजे नगर, आणि खंदकाबाहेर राहिला तो 'रबात', म्हणजे उपनगर. आजही ही दोन गावे एकमेकांस लागून याच नावांनी नांदत आहेत. लिहिताना 'म्दीना' असे लिहितात; बोलताना आरंभी एक अस्फुट 'इ' लागतो.

अरबी सत्तेचा शेवट होऊन आठशे वर्षांहून अधिक काळ लोटला. लोक कट्टर कॅथलिक ख्रिस्ती झाले. परंतु भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. माल्टी भाषा मूळची अरबी कुळातील असून ती रोमन लिपीत लिहितात, आणि तिच्यात इटालियन शब्दांची मोठी भर पडली आहे. पुस्तकास ते 'क्तीब' म्हणतात, जगास 'दिन्या', राज्यास 'सल्तना'. आपल्या मराठीत किताब, दुनिया, सल्तनत हे शब्द फारसीच्या वाटेने आले. तेच शब्द समुद्राच्या दुसऱ्या अंगाने येथे येऊन राहिले आहेत. देवळात गुडघे टेकलेली म्हातारी बाई देवाचे नाव 'अल्ला' असेच घेते, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांस 'रन्दान' म्हणतात. धर्म बदलला, राज्ये बदलली, आणि आईच्या तोंडचा शब्द तेवढा राहिला. ज्यांना आपण मोठ्या घडामोडी म्हणतो त्यांच्याहून स्वयंपाकघरातील बोलणे अधिक चिवट असते, असे मला तेथे वाटले.

खंदकावरील दगडी पूल ओलांडून आपण मुख्य वेशीपाशी येतो. ही वेस १७२४ साली ग्रँडमास्टर व्हिल्हेना याने माँदियाँ नावाच्या फ्रेंच स्थापत्यविशारदाकडून बांधविली. वेशीच्या आत उजव्या हातास त्याच व्हिल्हेनाचा वाडा आहे. पुढे त्या वाड्यात क्षयरोग्यांचे रुग्णालय झाले आणि १९७३ पासून तेथे निसर्गेतिहासाचे संग्रहालय आहे. वाड्यांच्या नशिबी काय काय येते, याचा तो पहिला धडा. पण आम्ही कोणीच काही बोललो नाही.

आत शिरताच कानांना प्रथम काही तरी चुकल्यासारखे वाटते, आणि मग उमगते की चुकला आहे तो गोंगाट. मोटारींना येथे बहुतेक मज्जाव आहे. रहिवासी आणि थोडी आवश्यक वाहने एवढ्यांनाच मुभा. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंस उंच भिंती. आणि कोणतीही गल्ली फार वेळ सरळ जात नाही. दहावीस पावलांवर ती वळतेच. शत्रू आत शिरला तर त्याचा बाण लांब जाऊ नये म्हणून अशी रचना, असे तेथे सांगतात. उन्हाळ्यात सावली मिळते हा दुसरा लाभ. दारे भक्कम, आणि त्यांवर पितळी कड्या : कोठे मासा, कोठे सिंहाचे तोंड. कड्या घासून लख्ख केलेल्या होत्या. वहिनी एका दारापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, पितळ इतके लख्ख आहे, म्हणजे आत बाईमाणूस आहे." पुढे काही दारे अशी लागली की कडी काळवंडलेली आणि उंबऱ्यावर धूळ. तेथे त्या न थांबता पुढे झाल्या.

मुख्य रस्त्याने अर्ध्या वाटेवर चौक लागतो, आणि त्यात संत पॉलचे मुख्य देवालय. इ. स. ६० च्या सुमारास रोमकडे कैदी म्हणून नेत असता संत पॉलचे जहाज या बेटाशी फुटले आणि बेटाच्या प्रमुखाने त्याचा सत्कार केला, अशी कथा बायबलात आहे. त्या प्रमुखाचे घर याच जागी होते अशी येथील श्रद्धा. जुने देवालय ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात कोसळले. लोरेन्झो गाफा या माल्टी स्थपतीने नवे उभारले आणि १७०२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. भूकंपातून गाभाऱ्याचा भाग मात्र वाचला, आणि त्याबरोबर मात्तिया प्रेती या चित्रकाराने रंगविलेले जहाजफुटीचे चित्रही. देवालयाच्या दर्शनी भागावर दोन घड्याळे आहेत : एक वेळ दाखविते, दुसरे तारीख व महिना. सैतानाने घोटाळ्यात पडावे म्हणून दोन घड्याळे, असे इकडचे लोक हसत हसत सांगतात. आत जमीन म्हणून दिसते ती सारी थडग्यांवरील रंगीत संगमरवरी शिळांची; धर्मगुरू व सरदार यांच्या ढालीबोधल्या चिन्हांबरोबर कवट्या आणि हाडेही त्यांत कोरली आहेत. त्यांवरून चालताना वहिनींचे पाऊल जड झाले. जोडे बाहेर काढावयाची सोय नाही, हे त्यांना अखेरपर्यंत खटकत राहिले.

आता त्या गहाणाची हकीकत. पंधराव्या शतकाच्या आरंभी ही बेटे अरागॉन व सिसिलीचा राजा पाचवा आल्फोन्सो याच्या ताब्यात होती. राजास युद्धासाठी पैसा हवा होता. १४२० नंतर लवकरच ३०,००० सुवर्ण फ्लोरिनांच्या मोबदल्यात ही बेटे सरदारांच्या हाती गेली, आणि अखेरीस गोन्साल्व्हो मोनरॉय नावाच्या सरदाराकडे आली. सोनाराकडे दागिना ठेवावा तशी माणसांनी भरलेली बेटे राजाने ठेवली! गहाण घेणाऱ्याचे लक्ष बेटाच्या भल्याकडे असण्याचे कारण नव्हते. ते उत्पन्नाकडे असणार. लोक उठले. परंतु नुसते बंड करून ते थांबले नाहीत. त्यांनी राजास कळविले, की कर्जाची रक्कम आम्ही फेडतो, पण आम्हास पुन्हा कोणाच्या हाती देऊ नका. खडकाळ बेट, पाऊस थोडा, समुद्रावर चाच्यांचा उपद्रव. अशा लोकांनी ३०,००० फ्लोरिन कबूल केले. १४२८ साली राजाने सनद दिली, की ही बेटे यापुढे कधी राजसत्तेपासून तोडली जाणार नाहीत. त्यानेच या नगरीस 'नोताबिले', म्हणजे नामांकित, हे बिरूद दिले. सगळी रक्कम लोकांच्याने उभी राहिली नाही. परंतु मोनरॉय १४२९ साली वारला आणि उरलेल्या रकमेवरील हक्क त्याने मरणसमयी सोडून दिला. त्याच वर्षी ट्यूनिसच्या हफ्सी सुलतानाचे आरमार बेटावर चालून आले. बेट लुटले गेले, माणसे धरून नेली. परंतु इम्दीनाचा तट पडला नाही.

येथे कथा संपती तर ती मुलांच्या वाचनमालेत घालण्याजोगी झाली असती. परंतु एकशेदोन वर्षांनी, १५३० साली, आल्फोन्सोच्या गादीवरील सम्राट पाचवा चार्ल्स याने ती सनद बाजूस सारून बेटे पुन्हा देऊन टाकली. ऱ्होड्समधून तुर्कांनी हुसकून लावलेल्या सेंट जॉनच्या सरदारसंघास ती मिळाली. मोबदला दरसाल एक ससाणा. इम्दीनाच्या लोकांनी काय करावे? त्यांनी वेशीची दारे मिटली, आणि आमचे हक्क पाळीन अशी शपथ घेतल्यावाचून किल्ल्या देणार नाही, असे नव्या ग्रँडमास्टरास सांगितले. त्याने शपथ घेतली, किल्ल्या घेतल्या आणि तो समुद्रकाठी बिर्गू येथे राहावयास गेला. कारण त्यांचे सामर्थ्य आरमारात होते आणि इम्दीनास बंदर नाही. १५६५ च्या तुर्की वेढ्यात या जुन्या नगरीने आपले काम केले. ७ ऑगस्ट रोजी बिर्गूची बाजू ढासळत असता इम्दीनाच्या घोडदळाने तुर्कांच्या छावणीवर अचानक छापा घातला, आणि पाठीवर मोठी फौज आली असे समजून तुर्कांनी चढाई सोडून माघार घेतली. पुढे ते इम्दीनावरच चालून आले, तेव्हा किल्लेदाराने शेतकऱ्यांना आणि बायकांनाही शिपायांचे कपडे चढवून तटावर उभे केले अशी आख्यायिका आहे. तट माणसांनी गजबजलेला पाहून शत्रू परत फिरला. आपल्या किल्ल्यांवरही अशा कथा ऐकावयास मिळतात, आणि त्या ऐकताना खरेखोटे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

विजय मिळाला, आणि त्यानेच इम्दीनाचे राजपद गेले. १५६६ साली समुद्रकाठी व्हॅलेटाची कोनशिला बसली. १५७१ साली राजधानी तिकडे गेली. मग इम्दीनास लोक 'चित्ता वेक्किया', म्हणजे जुने शहर, म्हणू लागले. पेशव्यांचा कारभार पुण्यास गेल्यावर साताऱ्याचे जे झाले, त्याची आठवण होते. सरदारघराणी वाड्यांत राहिली, बाजार गेला, तरुण गेले. ज्या शांततेचे कौतुक करीत आपण आत शिरतो ती शांतता कोणी हौसेने निर्माण केलेली नाही. ती सत्ता निघून गेल्यामागची शांतता आहे.

तथापि गाव मेले नव्हते. १७९८ च्या जूनमध्ये इजिप्तकडे जाता जाता नेपोलियनने माल्टा घेतले, आणि त्याच्या लोकांनी देवळांतील चीजवस्तू विकून पैसा उभारण्यास आरंभ केला. २ सप्टेंबर रोजी इम्दीनातील कार्मेलाइट देवळातील सामानाचा लिलाव पुकारला गेला. येथे लोक बिथरले. फ्रेंच अधिकारी मारला गेला, आणि तो वणवा बेटभर पसरून फ्रेंच व्हॅलेटाच्या तटांआड कोंडले गेले. १८०० च्या सप्टेंबरात त्यांनी शरणागती पत्करली ती इंग्रजांस, आणि बेट इंग्रजांकडे गेले. १९६४ साली माल्टा स्वतंत्र झाले. ज्या लोकांनी राजाचे गहाण निमूटपणे फेडण्याचे कबूल केले, ते घरच्या देवाच्या वस्तू लिलावात निघताच उठले. याचे मर्म कोणाही गृहस्थास समजावून सांगावे लागणार नाही.

दुपारी खंदकाबाहेर रबातमध्ये जाऊन आम्ही पाव, टोमॅटो आणि ऑलिव्हचे तेल असा फराळ केला व तेथील भुयारी दफनस्थाने पाहिली. रोमन कायद्याने नगराच्या आत प्रेत पुरण्यास बंदी होती, म्हणून ही थडगी तटाबाहेर खडकात खोदलेली आहेत. खाली दिव्याच्या मंद उजेडात एक गोष्ट पाहून आम्ही थबकलो : सबंध खडकातून कोरलेले वाटोळे मेज, आणि त्याच्या भोवती टेकून बसण्यासाठी उतरता ओटा. मृताच्या स्मरणार्थ आप्तेष्ट येथे जमून भोजन करीत. वहिनी त्या मेजाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पान वाढीत होतेच की. आम्हीच तेवढे वाढतो असे नाही."

संध्याकाळी आम्ही पुन्हा इम्दीनात आलो. उत्तरेच्या तटावरून निम्मे बेट दिसते : खाली शेते, त्यांच्या पलीकडे मोस्टाच्या देवळाचा विशाल घुमट, आणि दूर व्हॅलेटा व समुद्र. ९ एप्रिल १९४२ रोजी त्या घुमटातून एक बाँब आत जमलेल्या लोकांमध्ये पडला आणि फुटला नाही; सर्व लोक सुखरूप बाहेर पडले. प्रवासी पांगू लागले. चहाफराळाची दुकाने आवरली गेली. भिंतींवरील कंदिलांचा पिवळा उजेड दगडावर पडला, आणि गाव खरोखरच मुके झाले.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, इथे रात्री दिवे किती घरांत लागतात ते पाहू या."

आम्ही चौघे त्या वळणावळणाच्या गल्ल्यांतून मोजीत निघालो. सरकारी कंदील मोजावयाचे नाहीत, खाणावळीचे व उतारशाळेचे मोजावयाचे नाहीत, असे वहिनींनी ठरविले. कोठे एका वरच्या खिडकीत पडद्याआड उजेड होता; कोठे भांड्यांचा आवाज आला; एका ठिकाणी मूल रडत होते आणि कोणी तरी त्यास त्यांच्या त्या अरबी बोलीत समजावीत होते. बहुतेक मजले अंधारात होते. परतून वेशीपाशी आलो तेव्हा मोजणी एकोणीस झाली होती. आम्ही पाहिली नाहीत अशी घरे असतील, कोणी बाहेर गेलेले असतील; तो काही शिरगणतीचा आकडा नव्हे. पण तो आकडा घेऊन आम्ही पुलावर उभे राहिलो.

तेथे वहिनींनी करार मोडला. "आपल्या वाड्यात गेल्या दिवाळीला किती दिवे लागले होते?"

कोणी उत्तर दिले नाही. कारण उत्तर सगळ्यांस ठाऊक होते. दोन खोल्यांत, तेही गुरवाने लावले होते.

सौभाग्यवती म्हणाली, "वाडा ठेवायचा तर तिथे राहायला कोणी तरी हवे. नुसता तट राखून काय होते?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुतण्या खंदकाकडे पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, या लोकांनी पैसे भरले ते भिंतींसाठी नव्हेत. आपल्याला न विचारता कोणी देऊन टाकू नये, एवढ्यासाठी भरले."

वहिनी त्यावर एवढेच म्हणाल्या, "मग आम्हाला तरी कुठे विचारलेत?" हे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. बेचाळीस वर्षे त्या वाड्याची चूल ज्यांनी सांभाळली, त्यांचे नाव विक्रीच्या कागदांत कोठेही नव्हते. कायद्याने त्याची गरज नाही असे वकिलांनी सांगितले होते आणि मी ते ऐकून घेतले होते.

शेवटची बस गाठावयाची होती, म्हणून आम्ही निघालो. वाडा राहील की जाईल हे मी आज सांगू शकत नाही. त्याचा निर्णय व्हावयाचा आहे, आणि या वेळी तो वहिनींस बाजूस बसवून होणार नाही. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेले तर त्यांनी इम्दीना दिवसा अवश्य पाहावी. देवालय, संग्रहालये, तटावरील देखावा, सारे पाहण्याजोगे आहे. परंतु शक्य तर रात्र पडेपर्यंत थांबावे, आणि खिडक्यांतील दिवे एकदा मोजून पाहावे.